साट्यालोट्याची वायर

गौराबाईला कुणी 'बिचारी' म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. बिचारी कसली? परभणीच्या धान्याच्या मोंढ्यामागं आमचा बियाणे संघ होता, तिथं तिच्याइतकी भांडखोर बाई दुसरी नव्हती, आणि मीही काही गरीब गाय नव्हते. मी प्रयोगशाळेत होते. ओल्या कागदाच्या सुरळ्यांत बी गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवलं ते मोजायचं, हे माझं काम. गौरा अंगणापलीकडच्या हिशेबाच्या खोलीत टाइप करायची, तेही रोजंदारीवर.

बिचारी म्हणणाऱ्यांना निमित्त होतं. नवऱ्याच्या घरून ती परत आलेली होती. आणि परत पाठवताना तिच्यावर कसलाही आळ नव्हता, हेच जास्त चीड आणणारं.

ती राणीसावरगावच्या चन्नबसम्मांची मुलगी. मॅट्रिक झाल्यावर तिला पेडगावच्या शिवमूर्तीला दिली, आणि त्याच मांडवात शिवमूर्तीची बहीण महानंदा गौराच्या भावानं, चन्नप्पानं करून घेतली. साटंलोटं. आमच्याकडं यात नवल नाही. तुमची लेक आमच्यात, आमची लेक तुमच्यात. मानपानाची कटकट नाही, आणि आपली लेक तिकडं असली की सुनेवर हात टाकताना माणूस दहादा विचार करतो, असं म्हातारी माणसं सांगतात. चन्नप्पानं एकदाही विचार केला नाही. भाकरी गार असली तरी त्याचा हात उठायचा आणि भाकरीनं तोंड भाजलं तरी उठायचा. एके दिवशी महानंदा उठली आणि पेडगावला माहेरी निघून आली.

मग पेडगावकरांनी काय करावं? चन्नप्पाला जाब विचारावा? छे! त्यांनी गौराची ट्रंक भरली. आमची आमच्याकडं, तुमची तुमच्याकडं. साट्यालोट्यात एक जोडी फिसकटली की दुसरी मोडतातच. शिवमूर्तीचं आणि गौराचं एका शब्दानं वाकडं नव्हतं. त्यानं तिला एसटीत नीट बसवलं, खिडकीतून केळी दिली, गाडी हलेपर्यंत उभा राहिला, आणि घरी जाऊन जेवला.

"चन्नप्पाच्या हाताचा नसंल एवढा राग मला त्या केळ्यांचा आला," गौरा मला म्हणायची. "भांडून हाकललं आसतं तर भांडता तरी आलं आसतं. ह्यो तर पाहुनी धाडावी तसा धाडायला आला."

माहेरी उगाच भाकऱ्या थापत बसायची ती नव्हे. परभणीला मावशीकडं आली, टायपिंग शिकली आणि संघात लागली. पदराआड गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीची रेघ, आणि टाइप करताना ओठ घट्ट मिटलेले. तिच्या खोलीतलं टेबल कुणी हलवलं तरी ती खालच्या आवाजात विचारायची, "कुनाला इचारून?" शिपाईसुद्धा टेबल परत जागेवर ठेवायचा.

आता मशिनींचं सांगते, कारण गोष्ट तिथूनच पेटली.

संघात दोन कंप्युटर होते आणि त्यांचा एकमेकांशी बोलाचालीचा संबंध नव्हता. हिशेबाच्या खोलीतलं मोठं मशीन हैदराबादहून आलेलं. आमचे मॅनेजर दिनकरराव यांचे वडील निजामाच्या दप्तरात होते, त्यामुळं अत्तरापासून इंजिनापर्यंत चांगली वस्तू हैदराबादचीच, हा त्यांच्या घरचा पक्का समज. त्या मशिनीत युनिक्स होतं. प्रयोगशाळेतलं लहान मशीन अनुदानातून पुण्याहून आलं, त्यात डॉस. लहान मशीन फ्लॉपीवर चालायचं. मोठ्याला फ्लॉपी घालायला फटच नव्हती, त्याला जाडजूड टेपची कॅसेट लागे. म्हणजे माझ्या मशिनीत लिहिलेलं गौराच्या मशिनीला वाचून दाखवायची काही सोय नाही.

सोय एकच, ती म्हणजे गौरा. मी उगवणीचे आकडे लहान मशिनीत भरायचे आणि कागदावर छापायचे. गौरानं येऊन ते कागद घ्यायचे, अंगण ओलांडायचं, चपला काढायच्या (कंप्युटरच्या खोलीत चपला चालत नसत), आणि तेच आकडे मोठ्या मशिनीत परत टाइप करायचे. तिथं आकडा चढल्याशिवाय बियाण्याचं पोतं गोदामाबाहेर हलत नसे. बाहेर अंगणातल्या कडुलिंबाखाली शेतकरी बैलं सोडून बसलेले असत. गौरा दिसली की विचारायचे, "बाई, आमची करडई चढली का?" पेरणीची ओल उडत चाललेली, आणि ही दिवसभर चपला घालतेय आणि काढतेय.

त्र्याण्णवच्या रब्बीत एकदा तिचं डोकं फिरलं. कागदांचा गठ्ठा घेऊन ती मोठ्या मशिनीकडं न जाता थेट दिनकररावांच्या टेबलाशी गेली. मी मागोमाग गेले. असला तमाशा सोडायचा माझा स्वभाव नाही.

"साहेब, मी काय वायर हाय का?" ती म्हणाली. "तिकडलं उचलायचं, हिकडं टाकायचं. लिवलेलंच परत लिवायचं!"

दिनकरराव माणूस वाईट नव्हता, पण आपण फार विनोदी आहोत असा त्यांना भ्रम होता. ते म्हणाले, "वायर असतात तर बरं झालं असतं बाई. वायर बोलत न्हाई."

"मग आना वायर. मी दोनी मशिनी जोडून दावते. अन् जोडल्या तर मला ऑपरेटर करा, कायमची."

तेव्हा त्यांचं हसू ओसरलं. "जोडा की, कोण नको म्हणतंय? पण कायम कसं करू? तुमी पडल्या साट्यालोट्याच्या. उद्या भावाचं जमलं की तुमची ट्रंक निघाली पेडगावला. आधी घरचं माणूस आणा. हिला नेणार न्हाई असं माझ्यासमोर म्हणू द्या, मग हुकूम काढतो."

गौरा बाहेर आली. प्रयोगशाळेत येऊन माझ्या स्टुलावर बसली.

"सुमनताई, त्यांनी खोटं न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "चन्नप्पानं बायकोची समजूत काढली की मला जावं लागंल. न्हाई काढली तर मी हितं. मी कुठं ऱ्हायचं ते त्याच्या हातावर हाय. माझ्या हातात कायबी न्हाई."

"मग?"

"मग काय? वायर आनते."

स्टेशन रोडला भुजंगचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडून तिनं लांब वायर आणि दोन टोकांना लावायचे पंचवीस-पंचवीस पिनांचे जोड आणले. भुजंगनं सगळ्या तारांना कथलाचा डाग देऊन दिले, या टोकाची जी पीन तीच त्या टोकाची. वायर माझ्या झरोक्यातून काढली, लिंबाच्या फांदीवरून नेली आणि तिच्या खिडकीतून आत घेतली. मशिनी चालू केल्या. काही नाही.

तिनं हैदराबादला फोन लावला. मशीन देणाऱ्या कंपनीचे मोईनसाहेब म्हणून इंजिनिअर होते. गोड माणूस. फोनवर आवाज फुटायचा, पण ते कधी त्रासले नाहीत. त्यांनी सांगितलं की एका मशिनीची बोलायची तार दुसऱ्याच्याही बोलायच्याच तारेला लागलीय, मग ऐकायचं कुणी? ह्याचं बोलणं त्याच्या कानात गेलं पाहिजे आणि त्याचं ह्याच्या कानात. तारांची अदलाबदल करा.

गौरानं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! हे तर साटंलोटं हाय!"

आणि इथंच ती फसली. मोईनसाहेब बोलण्या-ऐकण्याच्या तारांबद्दल बोलले होते. बाकीच्या तारांचं तिनं विचारलं नाही, कारण विचारायची गरजच वाटली नाही. साट्यालोट्यात अर्धंमुर्धं नसतं. सगळंच बदल्यात. तिनं भुजंगकडून उरलेल्या तारांचीही अदलाबदल करून घेतली. त्यांत काही तारा परवानगीच्या असतात. मशीन बोलायच्या आधी त्यांतून 'मी तयार आहे, बोल' असा इशारा येतो. आता या मशिनीला परवानगी त्या मशिनीनं द्यायची आणि त्याला ह्यानं.

परत मशिनी चालू केल्या. पडद्यावर कर्सरचा छोटा चौकोन नुसता लुकलुकत राहिला. दुसऱ्या दिवशीही लुकलुकला. लिंबावरचे कावळे वायरीवर येऊन बसायला लागले. दिनकरराव येता-जाता वर बघून म्हणायचे, "बोललो नव्हतो का, वायर गप असते म्हणून?" मोंढ्यातले ओळखीचेही यायचे बघायला. गौरा कागद उचलून अंगण ओलांडायची, चपला काढायची आणि टाइप करायची, पण जाताना वायरीकडं असं बघायची की वायर जिवंत असती तर पळून गेली असती.

शेवटी तिनं परत हैदराबाद लावलं आणि कुठली तार कुठं लावली ते सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. मोईनसाहेब हसले ते मलाही ऐकू आलं.

"अम्मा, दोनों एक-दूसरे का मूँ देखते बैठे हैं," ते म्हणाले. "ये बोलता, पहले तू हाँ बोल. वो बोलता, पहले तू. ऐसे तो क़यामत तक बैठेंगे. बात करने के तार उधर जाने दो. रजामंदी के तार उधर भेजोच नक्को. हर एक कू अपनी रजामंदी अपनेच कू देने दो."

म्हणजे परवानगीच्या तारा पलीकडं न्यायच्याच नाहीत. ज्याच्या त्याच्याच टोकाला वळवून त्यालाच जोडून द्यायच्या. मशीन स्वतःच स्वतःला म्हणतं, मी तयार आहे, आणि बोलायला लागतं.

"फिरून एकदा सांगा," गौरा म्हणाली. त्यांनी परत सांगितलं. तिनं हळूच फोन ठेवला, बाहेर गेली आणि लिंबाच्या ओट्यावर बसली.

"सुमनताई, इतकं सोपं आसतंय?"

"सोपंच की," मी म्हणाले. "भुजंग आत्ता करून देईल."

तिनं माझ्याकडं बघितलं ते एखाद्या ठोंब्याकडं बघावं तसं. मला वाटलं होतं, ती वायरीबद्दल बोलतेय.

भुजंगनं बदल करून दिला. मी लहान मशिनीवरून करडईची फाईल सोडली आणि अंगणातून पळत तिच्या खोलीत गेले, चपलांसकट. पडद्यावर आमचे आकडे ओळीनं उतरत होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आगाऊ खूण मात्र चिकटून आली होती, डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी एम. मला वाटलं सगळं मुसळ केरात! पण तेवढं गौरानं मशिनीबरोबर आलेल्या पुस्तकातून स्वतः वाचून काढलं होतं. डॉस ओळ संपवताना दोन खुणा करतं, युनिक्स एकच, म्हणून जास्तीची खूण अशी उघडी पडते. तिनं एक आज्ञा टाइप केली आणि सगळ्या टोप्या उतरल्या. मग ती खुर्चीत मागं रेलली. तिला रेललेली मी पहिल्यांदाच बघितली.

बाहेर पेडगावकडचे मुंजाजी म्हणून एक म्हातारे शेतकरी पोत्यांची वाट बघत बसले होते. त्यांना काळजी वाटली. "बाई, आज तुमी पळंनात? काम बंद हाय का?"

"आकडे पळायलेत, काका," खिडकीतून गौरा ओरडली. "मी बसलेय!"

दिनकररावांनी येऊन बघितलं. मान डोलावली, शाबास म्हणाले, हैदराबादच्या मशिनीची तारीफ केली. आणि मग म्हणाले, "हुकूम टाइप करून ठेवतो. घरचं माणूस तेवढं आणा."

मला वाटलं, हिनं तो संगणक उचलून त्यांच्या डोक्यात घालावा. तिनं फक्त मान हलवली.

घरची माणसं आणावी लागली नाहीत, ती आपणहून निघाली. डिसेंबरात निरोप आला की जमलंय. चन्नप्पा महानंदाला परत न्यायला तयार आहे आणि पेडगावकर गौराला. पण आधी कुणी पाठवायचं? राणीसावरगावचे म्हणाले, आधी महानंदा येऊ द्या. पेडगावचे म्हणाले, आधी गौरा. शेवटी शहाण्यांनी तोड काढली: परभणीच्या स्टँडवर दोन्ही बायकांना एकाच वेळी आणायचं, एकीला राणीसावरगावसाठी गंगाखेडच्या गाडीत बसवायचं आणि दुसरीला पेडगावच्या, म्हणजे कुणालाच पहिलं व्हायला नको. बैलांची सौदेबाजी याहून बरी. तिथं निदान बैलाचे दात तरी बघतात.

संक्रांतीचा मुहूर्त धरला होता. पण नेमकं त्याच संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्या नावासाठी सोळा वर्षं माणसं भांडली होती, घरं जळाली होती, जीव गेले होते. नाव लागलं तरी काहींच्या पोटात दुखायचं राहिलं नाही. बंद झाले, एसट्या डेपोत अडकल्या. सौदा आठवडाभर लांबला. त्या आठवड्यात गौरानं निरोप धाडला: मी स्टँडवर येणार नाही, बोलायचं असेल तर संघात या.

आणि खरंच आले. चन्नबसम्मा, चन्नप्पा, शिवमूर्ती आणि डोक्यावरून पदर ओढलेली महानंदा. चन्नप्पाच्या खांद्यावर गौराची ट्रंक होती, मावशीच्या घरून परस्पर उचललेली. गौरा आतून म्हणाली, "फाईल चालू हाय. थांबा." ते गोदामाच्या पायऱ्यांपाशी उभे राहिले. फाईल संपल्यावरच ती बाहेर आली.

"चल गं, आवर," चन्नबसम्मा म्हणाल्या. "गाडी लागलीय."

"ट्रंक मावशीकडं नेऊन ठेवा. मी येत न्हाई."

"काय बोलायलीस?" चन्नप्पानं ट्रंक खाली आदळली. "तू न्हाई गेलीस तर हे महानंदाला धाडत न्हाईत. माझ्या संसाराला लाथ मारायलीस!"

"तुझ्या संसाराला तुझा हात नडला. माझी लाथ न्हाई."

चन्नबसम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई गं, दोन घरं तुझ्यावर उभी हायत."

"आई, माझ्यावर कुनी घर बांधू नये. मी काय जमीन न्हाई." आईपुढं सोपं नव्हतंच ते. पण ती पुढं म्हणाली, "महानंदा नांदायला गेली तर चांगलंच हाय. न गेली तरी तिची मर्जी. तिच्या बदल्यात मी न्हाई, माझ्या बदल्यात ती न्हाई. तेवढी तार मी तोडली."

आरडाओरडा ऐकून दिनकरराव बाहेर आले. "घरचं माणूस आलंय म्हणे? कोण बोलणार?"

"मी, भाऊ," चन्नप्पा पुढं झाला.

"मी, मालक तिचा," शिवमूर्ती म्हणाला.

"साहेब, हिकडं बघा," गौरा म्हणाली. "माझ्या घरचं मानूस मी हाय. मी कुठं जात न्हाई, हे मी तुमच्यासमोर म्हनते. मला माझी परवानगी हाय."

"अहो, असं नसतं बाई," दिनकरराव चाचरत म्हणाले.

"मग कसं असतं?" मी ओरडले. माझा काही संबंध नव्हता, पण मला राहवलंच नाही. "उद्या ही गेली तर त्या दोन मशिनी कोण चालवणार? तुमी?"

दिनकररावांनी एकदा वायरीकडं बघितलं, एकदा लिंबाखालच्या शेतकऱ्यांकडं, जे आता उभे राहून ऐकत होते. "हुकूम टाइप झालेलाच आहे," ते म्हणाले. "आत येऊन घेऊन जा."

शिवमूर्तीनं रुमालानं तोंड पुसलं. "अन् माझं काय, गौरा?"

"तुमचं तुमी बघा. यावं वाटलं तर परभणीला या. पन कुनाच्या बदल्यात येऊ नका, अन् केळी आनू नका." तो पुढं आलाच, पण ते दोन वर्षांनी. ती वेगळी गोष्ट.

चन्नप्पाचा चेहरा मात्र काळानिळा झाला होता. बहिणीपुढं चाललं नाही म्हणून तो बायकोकडं वळला. "तू चल. ऊठ."

"ती कशाला येती?" शिवमूर्ती मधे आला. "तुमची येत न्हाई तर आमची बी न्हाई."

"माझी बायको हाय ती!"

"माझी बहीन हाय!"

दोघं एकमेकांच्या अंगावर धावले आणि महानंदा दोघांच्या मधोमध खाली बघत उभी. मग तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. मी तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. भुवईपाशी जुना व्रण होता.

"मला इचारा की," ती म्हणाली.

बायकोला विचारतात कसं, हे चन्नप्पाला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं आईकडं बघितलं. चन्नबसम्मांनी नजर फिरवली.

"येतीस का?" शेवटी तो पुटपुटला.

"मारनार न्हाई म्हना आधी. मोठ्यानं म्हना."

लिंबाखालची माणसं, दिनकरराव, शिपाई, सगळे ऐकत होते. चन्नप्पाला ते म्हणावं लागलं.

"इचार करून सांगते," महानंदा म्हणाली, आणि गौराशेजारी पायरीवर बसली.